बसतो म्हणजे चालतो

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार. दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळचं संकलन आटोपल्यावर कोयनाकाठच्या एका गावातल्या दूध संस्थेतून मी संगणक उचलला, मोटारसायकलच्या टाकीवर आडवा धरला आणि कराडला दुकानात आणला. संस्थेच्या सचिवांना सारा गाव तात्या म्हणतो, मीही तात्याच म्हणतो. निघताना त्यांना शब्द दिला होता, "संध्याकाळच्या धारेला मशीन जाग्यावर असेल." मशीन जाग्यावर गेलं ते शुक्रवारी, १० तारखेला. मधले चार दिवस संस्थेत सकाळ-संध्याकाळ पावत्या हातानं लिहिल्या गेल्या. फॅट आणि एसएनएफ वहीत मांडायचं, दर नंतर काढायचा. वर दिवाळी तोंडावर आलेली. वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागे जो फरक दिवाळीला वाटतात, त्याचा सगळा हिशोब त्या एका संगणकात होता.

सतरा वर्षं मी हे काम करतोय. त्या चार दिवसांत मी ज्या चुका केल्या त्यांतली एकही अज्ञानातून झालेली नव्हती. प्रत्येक ठिकाणी मला माहिती होती, किंवा वाचायला समोर होती. म्हणूनच त्या लिहून ठेवतोय.

सुरुवात ऑगस्टमध्ये, फोनवर झाली. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार संपणार हे तात्यांनी कुठंतरी वाचलं होतं. "आपल्याला अकरा चालंल का?" त्यांनी विचारलं. माझ्या डोक्यात २०२१ पासून एक ढोबळ नियम बसलेला: इंटेल असेल तर आठव्या पिढीपासून पुढं, एएमडी असेल तर रायझन २००० पासून पुढं. संस्थेचा संगणक २०१८ च्या दिवाळीतला, त्यात रायझन ५ २४००जी. दोन हजारांच्या पुढचा आकडा. मी म्हटलं, "चालेल तात्या, बिनधास्त राहा."

सोमवारी संस्थेत बसून मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं ॲप चालवलं. टीपीएम २.० बरोबर, सिक्युअर बूट बरोबर, रॅम बरोबर, प्रोसेसरपुढं फुली. २४००जी चा आकडा दोन हजाराचा असला, तरी आतला गाभा पहिल्या पिढीच्या झेनचा आहे, १४ नॅनोमीटरचा. त्याच सालातला २६०० मात्र सुधारलेल्या, १२ नॅनोमीटरच्या गाभ्याचा. मायक्रोसॉफ्टच्या यादीत २६०० आहे, २४००जी नाही. यादी सगळ्यांना बघायला खुली आहे. फोनवर बोलताना ती उघडायला मला एक मिनिट लागलं असतं.

इथं मी तात्यांना दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या. एक, "माझं चुकलं." दुसरी, पैसे भरून आणखी वर्षभर विंडोज १० चे सुरक्षा अपडेट घेण्याची सोय आहे, तेव्हा घाई नाही, दिवाळीनंतर निवांत करू. पहिली मी आडवळणानं सांगितली आणि दुसरी सांगितलीच नाही. का, तर मला प्रोसेसर विकायचा होता. हे लिहायला जड जातं, पण तेव्हा मनात तेच होतं.

तपासणी चुकवून विंडोज ११ टाकायचे मार्ग आहेत. ते मी पूर्वी वापरले आहेत आणि त्याचं वाईट वाटतं. २०२२ मध्ये मी सहा-सात जुन्या संगणकांवर तसं अकरा टाकून दिलं होतं. त्यातला एक कोअर २ ड्युओ. २०२४ च्या ऑक्टोबरात २४एच२ ही आवृत्ती आली, आणि तिला पॉपसीएनटी नावाची प्रोसेसरमधली एक सूचना सक्तीची झाली. कोअर २ ड्युओमध्ये ती नाहीच. त्या गिऱ्हाइकाला पुढची वाट बंद झाली. तेव्हापासून मी तो मार्ग सोडला.

बोर्ड बदलायचा नव्हता. दुधाचा वजनकाटा आणि फॅटचं यंत्र दोन्ही त्या संगणकाला सिरियल पोर्टनं जोडलेले, आणि ती जोडणी बसवताना पूर्वी कुणीतरी दोन दिवस घाम गाळलेला. शिवाय बोर्ड बी४५० चा, एएम४ सॉकेटचा. एएम४ मध्ये २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० च्या मालिकेपर्यंतचे प्रोसेसर बसतात, इतकी वर्षं टिकलेला सॉकेट विरळाच. म्हणून रायझन ५ ५६००जी ठरवला. सहा कोअर, अंगचं ग्राफिक्स, ६५ वॅट, आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाव. या वेळी यादी उघडून पाहिली. एवढी एक गोष्ट बरोबर केली.

पण सॉकेट म्हणजे फक्त खाचा. प्रोसेसर त्यात बसला, तरी बोर्डाला त्याची ओळख लागते, आणि ती ओळख बायोसमध्ये असते. २०१८ साली कारखान्यातून निघालेल्या बोर्डाला २०२१ च्या ऑगस्टात बाजारात आलेला ५६००जी माहीत असायचं काही कारणच नाही. यावर २०२० च्या मे महिन्यात मोठा गदारोळ झाला होता. पुढच्या पिढीचे प्रोसेसर बी४५० वर चालणार नाहीत असं एएमडीनं आधी जाहीर केलं, लोक चिडले, आणि मग निर्णय फिरवला. अडचण खरी होती. पुष्कळ बोर्डांवर बायोसची चिप १६ मेगाबाइटची असते आणि इतक्या पिढ्यांची माहिती तीत मावत नाही. काही कंपन्यांनी नव्यांना जागा करायला सगळ्यात जुन्या प्रोसेसरांची माहिती काढून टाकली. हे सगळं मी तेव्हा वाचलं होतं, गिऱ्हाइकांना समजावूनही सांगितलं होतं. तरी सोमवारी दुपारी मी कॅबिनेट उघडलं ते मनात एकच वाक्य घेऊन: एएम४ आहे, बसतो म्हणजे चालतो.

जुना प्रोसेसर काढण्याआधी त्याच्याच जिवावर बायोस नवी करून घ्यायची, हा या कामाचा पहिला नियम. तो मोडला. दुसरा नियम असा की कूलर काढण्याआधी संगणक दहा-पंधरा मिनिटं चालवायचा, म्हणजे थर्मल पेस्ट मऊ पडते. मग कूलर उचलायचा नाही, आधी डावी-उजवीकडं हलकेच फिरवायचा. संगणक थंड होता. सात वर्षांची पेस्ट वाळून सिमेंट झालेली. मी चार स्क्रू सोडले आणि कूलर सरळ वर ओढला. कट्ट असा आवाज आला. कूलर हातात आला आणि त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही. सॉकेटची दांडी अजून खालीच लावलेली होती. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१. उजेडात तिरका धरून पाहिलं तर एका कोपऱ्यातल्या चार पिना वाकलेल्या, त्यातली एक शेजारणीला टेकलेली. मी मनाशी म्हटलं, नाहीतरी हा आता भंगारातच जायचा. पेस्टसकट एका डबीत टाकला आणि नवा बसवला.

पंखे फिरले. डिस्प्ले नाही.

मग तासभर नेहमीची यादी चालली. रॅम काढून पुसून लावली, एकच लावली, दुसऱ्या खाचेत लावली. बोर्डावरचा सेल काढून ठेवला. एसएमपीएस बदलला. शेवटी पुण्याच्या ज्या पुरवठादाराकडून प्रोसेसर आणला होता त्याला फोन लावला. फोन घेणारा पोरगा असेल बावीस-तेवीसचा. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, बोर्डाची बायोस कोणती आहे?" नेमका प्रश्न. मी त्याला म्हटलं, "सतरा वर्षं झाली मला या धंद्यात. मेलेला माल पाठवता आणि बायोस विचारता?" तो गप्प झाला. दुसरा प्रोसेसर रात्रीच्या पार्सलनं पाठवला, मंगळवारी सकाळी मिळाला. तोही तसाच, पंखे फिरतात आणि पडदा काळा. दोन्ही प्रोसेसर धडधाकट होते.

मंगळवारी रात्री दुकान बंद केल्यावर मी बोर्ड कंपनीच्या पानावर प्रोसेसरांची यादी उघडली. ५६००जी च्या ओळीत शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं की अमुक आवृत्तीपासून पुढं. आपल्या बोर्डावरची त्याहून जवळपास तीन वर्षांनी जुनी. खाली आणखी एक सूचना होती: थेट शेवटच्या आवृत्तीवर जाऊ नका, मधली एक आवृत्ती आधी टाका. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्ह लावून मागच्या बटणानं बायोस टाकता येते. या बोर्डावर ते बटण नव्हतं. म्हणजे बायोस टाकायला चालू प्रोसेसर हवा, आणि तो डबीत वाकड्या पिनांनी पडलेला. कराडात ओळखीच्या तीन दुकानांत विचारलं, एएम४ चा जुना प्रोसेसर कुणाकडं मोकळा नव्हता.

बुधवारी सकाळी सहाला दुकान उघडलं. प्रोसेसरच्या पाठीवरची पेस्ट स्पिरिटनं पुसली, मग तो उलटा ठेवला. टेबललॅम्प ओढून जवळ घेतला, मुलीच्या कंपासमधली क्लच पेन्सिल आणली होती तिचं लेड काढलं. तिचं पोकळ टोक वाकलेल्या पिनवर चढवायचं आणि केसाएवढं उचलायचं, थांबायचं, शेजारच्या रांगेशी नजर लावून बघायचं, परत केसाएवढं. पिन एका बाजूनं जास्त गेली तर उलटं वळवायचं नाही, कारण दोनदा वळवलेली पिन तुटते. पहिल्या तीन अर्ध्या तासात सरळ झाल्या. चौथीला पाऊण तास लागला. शेवटी प्रोसेसर सॉकेटवर ठेवला आणि बोट न लावता तो आपल्या वजनानं खाली बसला. तो क्षण मला आठवतो. जुन्या प्रोसेसरवर डिस्प्ले आला. यूपीएस लावून, एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून आधी मधली आणि मग शेवटची बायोस टाकली. कूलर या वेळी गरम असताना फिरवून काढला, दांडी वर केली, जुना उचलला, नवा ठेवला. बटण दाबलं. पडद्यावर उजेड आला.

आणि तिथं सगळ्यात मोठी चूक झाली.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत पाच-सहा ओळी आल्या. अर्थ असा: नवा प्रोसेसर बसवलेला आहे, एफटीपीएमची नोंद जुळत नाही. वाय दाबलंत तर ती पुसून नव्यानं सुरू होईल. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की असल्याशिवाय संगणक सुरू होणार नाही. एन दाबलंत तर जुनी नोंद तशीच राहील, आणि जुना प्रोसेसर परत बसवून आतल्या किल्ल्या मिळवता येतील.

मी पहिले दोन शब्द वाचले, 'नवा प्रोसेसर'. ते मला माहीतच होतं. दोन दिवसांनी डिस्प्ले आल्याचा आनंद इतका होता की बोट आपोआप वायवर गेलं.

या बोर्डावर टीपीएमची, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी, वेगळी चिप नाही. ते काम प्रोसेसरमधलंच एक फर्मवेअर करतं, आणि त्याची नोंद त्या एका प्रोसेसरच्या किल्लीनं बंद केलेली असते. दुसऱ्या प्रोसेसरला ती उघडता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, डिस्कची किल्ली त्याच नोंदीच्या भरवशावर ठेवतो. वाय दाबल्यावर नोंद गेली. आता जुना प्रोसेसर परत बसवूनही उपयोग नव्हता. काही सेकंदांत निळा पडदा आला आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू लागला.

संस्थेच्या संगणकात सभासदांचे बँक खाते क्रमांक असतात. म्हणून २०१८ ला ज्यानं तो बसवला त्यानं बिटलॉकर चालू करून दिला होता, आणि ते शहाणपणाचंच होतं. सोमवारी संस्थेत बसलो होतो तेव्हा सी ड्राइव्हच्या चित्रावरचं बारीक कुलूप मी पाहिलंही होतं. तेव्हाच बिटलॉकर तात्पुरता स्थगित केला असता तर किल्ली डिस्कवरच उघडी राहिली असती, मग प्रोसेसर बदला, बायोस बदला, काही अडलं नसतं. अर्ध्या मिनिटाचं काम. बॅकअपसुद्धा मी घेतला नव्हता. कपाटातल्या पेनड्राइव्हवरचा शेवटचा बॅकअप जुलैचा होता.

बुधवारी संध्याकाळी तात्यांचा फोन आला. "आवं, सोमवारी म्हणालता, बुधवार झाला की. एकवीस ते तीसचं बिल काढायचं हाय. फरकाचं तर अजून धरलंच न्हाई." मी म्हणालो, "तात्या, एक पार्ट यायचाय पुण्याहून. उद्या बघतो." पार्ट यायचा नव्हता. मी खोटं बोललो. रात्री दीडपर्यंत मी मार्ग शोधत बसलो, आणि मार्ग नाही हे मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलेलं होतं. किल्ली नसताना उघडता येऊ नये, यासाठीच तर ती सोय असते.

गुरुवारी दुपारी गावात गेलो. संस्थेच्या ओट्यावर तात्या वहीत आकडे उतरवत बसले होते. मी सगळं सांगितलं, क्रमानं. यादी न बघता दिलेला शब्द, कूलर, पिना, बायोस, वाय, आणि कालचं खोटं. तात्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे वर्साचं दूध गेलं म्हणायचं."

आत फॅट काढणाऱ्या ताई कपबश्या विसळत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "ते लई आकडं असल्याला कागद व्हय? संगणकाच्या बिलाला टाचलाय की. ऑडिटला बिल लागतंय म्हणून मीच फायलीत लावलाय." लोखंडी कपाटातल्या २०१८-१९ च्या लेखापरीक्षणाच्या फायलीत, खरेदीचा ठराव, बिल, आणि त्यामागं पिवळा पडलेला तो कागद. मी पोचल्यापासून तासही झाला नव्हता. बुधवारी संध्याकाळी फोनवर खरं सांगितलं असतं तर हा कागद बुधवारीच मिळाला असता. तो एक दिवस माझ्या खोट्यानं गेला.

दुकानात येऊन निळ्या पडद्यावरचा ओळखक्रमांक कागदाशी ताडून पाहिला, जुळला. सहा-सहाचे आठ गट. ताईंनी दिलेल्या कागदावर पट्टी ठेवून एकेक गट टाकला. सहाव्या गटात कागदाची घडी नेमकी एका आकड्यावरून गेली होती, तो तीन की आठ ते कळेना. तीन टाकला, विंडोजनं तो गट नाकारला. आठ टाकला, घेतला. विंडोज १० उघडलं. सगळ्यात आधी सगळा डेटा दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर उतरवला, मग बिटलॉकर स्थगित केला, आणि त्यानंतरच अकराला हात लावला. ते दीड तासात विनातक्रार बसलं. शुक्रवारी संस्थेत वजनकाटा आणि फॅटचं यंत्र दोन्ही पहिल्याच फटक्यात बोलले.

पुण्याच्या पोराला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे दादा, रोज होतं." तेवढ्यानं मला बरं वाटलं नाही. दुसऱ्या प्रोसेसरचं जाण्या-येण्याचं पार्सल मी भरलं, संस्थेकडून प्रोसेसरची खरेदीची किंमत तेवढी घेतली. तात्या मजुरी देत होते, ती घेण्यासारखं मी काही केलं नव्हतं. फरक १३ तारखेला वाटायचं ठरलं होतं, तो १६ ला, वसुबारसेच्या आदल्या दिवशी वाटला गेला. तीन दिवस ज्यांना थांबावं लागलं त्यांना कारण मी आहे हे त्यांना ठाऊक नाही. तात्यांनी कुणाला सांगितलं नाही. म्हणून मी इथं सांगतोय.

आता दुकानात संगणक आला की कॅबिनेटचा स्क्रू सोडण्याआधी मी वहीत चार गोष्टी लिहितो: प्रोसेसरचं पूर्ण नाव यादीत आहे का, बोर्डावरची बायोस कोणती, डिस्कला कुलूप आहे का, बॅकअप कधीचा. चारही रकाने भरल्याशिवाय मशीन उघडत नाही. गिऱ्हाईक उभं असलं तरी नाही.

आणि तुम्ही संगणक दुरुस्तीला किंवा अपग्रेडला देणार असाल, तर एक करा. 'धिस पीसी' उघडून सी ड्राइव्हवर कुलपाचं चिन्ह दिसतंय का बघा. दिसलं तर ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी हातात घ्या. छापील कागदावर नसेल तर तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधा. तीही नसेल तर संगणक चालू आहे तोवर बिटलॉकरच्या सेटिंगमध्ये जाऊन नवी प्रत काढून घ्या. मशीन एकदा निळ्या पडद्यावर अडकलं की ती काढता येत नाही. प्रत मेकॅनिकला देऊन ठेवू नका, मलाही नको. तात्यांच्या संस्थेत आता तिच्या दोन प्रती आहेत. एक लेखापरीक्षणाच्या फायलीत, दुसरी अध्यक्षांच्या घरी तिजोरीत. दोन्हींवर ताईंनी आपल्या अक्षरात आकडे पुन्हा ठळक गिरवले आहेत.